मंडळीचा कवी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

मराठी शाळांतून शिकलेल्या कित्येक पिढ्यांना रेव्हरंड टिळक प्रथम भेटले ते पाठ्यपुस्तकाच्या पानांवर. जखमी अवस्थेतही पिलांसाठी घरट्याकडे झेपावणारी पक्षिणी 'केवढे हे क्रौर्य' या कवितेत वाचून डोळे ओलावले नाहीत असा विद्यार्थी विरळाच. मराठी रसिकांनी त्यांना फुलामुलांचा कवी म्हटले आणि ते नाव त्यांना सार्थपणे चिकटले. परंतु त्या नावामागे टिळकांच्या जीवनाचा दुसरा, अधिक खडतर भाग काहीसा झाकला गेला. १८९५ ते १९१९ या चोवीस वर्षांत ते एका प्रश्नाशी झुंजत होते. माणसाची श्रद्धा बदलली म्हणजे तो आपल्या भाषेला, आपल्या परंपरेला आणि आपल्या माणसांना परका होतो काय? आणि ज्या समाजाने त्याला आपले म्हणून जवळ केले, त्या समाजाचे ऋण त्याने कसे फेडावे? या प्रश्नांची उत्तरे त्यांनी ग्रंथ लिहून दिली नाहीत. ती त्यांनी जगून आणि गाऊन दिली.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव तापट, तर आई जानकीबाई शांत, भाविक आणि काव्याची आवड असलेल्या. पुढे टिळकांच्या अंगी दिसणारा क्षणात उसळणारा आवेग आणि क्षणात पाझरणारी माया हे दोन्ही वारसे त्यांना घरातूनच मिळाले असावेत. आईचे छत्र लहानपणीच हरपले आणि तिच्यामागे त्या घरात मुलाचे मन रमेना. तो घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारखा व्यासंगी गुरू लाभला आणि संस्कृत भाषेची व काव्याची गोडी लागली. औपचारिक शिक्षण फारसे झाले नाही. पण पाठांतर, वक्तृत्व आणि शीघ्रकवित्व ही त्यांची आयुष्यभराची शिदोरी या काळातच बांधली गेली.

१८८० साली नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांची मनकर्णिका ही कन्या लक्ष्मी होऊन टिळकांच्या घरात आली. तिचे वय त्या वेळी अवघे अकरा-बारा वर्षांचे होते. या संसाराला स्थैर्य असे लाभलेच नाही. टिळक आज एका गावी शिक्षक, तर उद्या दुसऱ्या गावी पुराणिक, कीर्तनकार किंवा लेखक. हाती आलेला पैसा घरी पोहोचेपर्यंत कोणा गरजूच्या हाती गेलेला असे. घरात धान्य आहे की नाही याची त्यांना कल्पनाही नसे. त्यांच्या औदार्याचे कौतुक सर्वांनी केले, पण त्याची किंमत मोजली ती लक्ष्मीबाईंनी, हे विसरता येत नाही.

भ्रमंतीच्या या काळात टिळकांचे मन धर्माच्या प्रश्नांनी अस्वस्थ होते. जातिभेदाचे समर्थन त्यांच्या बुद्धीला पटत नव्हते आणि देशाच्या उत्कर्षासाठी सर्वांना एकत्र आणणारा एखादा धर्मविचार हवा, असे त्यांना तीव्रतेने वाटू लागले होते. नागपूरला त्यांनी संस्कृत वाङ्मयाचे काम केले, विद्वानांत नाव मिळवले. पण समाधान मिळाले नाही. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे नोकरीच्या शोधात निघाले असता आगगाडीत त्यांची एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. काव्यापासून सुरू झालेले संभाषण धर्माकडे वळले. निरोप घेताना त्या प्रवाशाने त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. मात्र पुस्तक वाचण्याचा शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले आणि तेथे थबकले. शत्रूवरही प्रेम करण्याची, दान गुप्तपणे देण्याची, दुसऱ्याचा न्याय न करण्याची ती शिकवण त्यांच्या मनातील अनेक प्रश्नांना थेट भिडली. भेटीदाखल हाती आलेले पुस्तक आता त्यांना सोडवेना.

त्यानंतरची दोन वर्षे आंतरिक संघर्षाची होती. ब्राह्मण कुळातील विद्वान माणसाने ख्रिस्ती होणे म्हणजे त्या काळी जिवंतपणी आप्तांना मुकणे होते. पत्नी, कोवळा मुलगा, भावंडे, स्नेही, उपजीविका, सारेच पणाला लागणार होते. तरीही १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा विधी परदेशी मिशनऱ्याच्या हातून न होता एका भारतीय पाळकाच्या हातून झाला, ही गोष्ट त्यांच्या पुढील साऱ्या वाटचालीची दिशा सुचवणारी आहे. त्यांचा हा निर्णय सर्वांना पटावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तो त्यांनी पूर्ण विचारांती आणि ऐहिक लाभाचा कोणताही हिशेब न करता घेतला, एवढे मात्र त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागले.

बातमी घरी पोहोचली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पती जिवंत असूनही संसार संपल्यासारखी त्यांची अवस्था झाली. मुलगा दत्तू याला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. चार वर्षांहून अधिक काळ हे पतिपत्नी विभक्त होते. टिळक पत्रे लिहीत, कविता पाठवत, भेटायला येत; पण मध्ये सोवळ्याची आणि समाजाच्या धाकाची भिंत उभी होती. अखेर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या स्वतःच्या अटीवर. आपण धर्म सोडणार नाही, आपली चूल वेगळी राहील, पाणी वेगळे राहील. टिळकांनी हे सारे मान्य केले. एकाच घरात दोन धर्म आणि दोन चुली नांदू लागल्या.

मंडळी म्हणजे काय, याचा पहिला धडा या घराने गिरवला तो स्वयंपाकघरात. अहमदनगरला आणि नंतर राहुरीला टिळकांभोवती वावरणारी ख्रिस्ती माणसे प्रामुख्याने महार आणि मांग समाजातून आलेली होती. लक्ष्मीबाई त्यांच्याशी बोलत, त्यांची मुले सांभाळत, आजारपणात धावून जात. परंतु त्यांच्या हातचे पाणी त्यांना चालत नव्हते. ज्यांचे दुःख आपल्याला आपले वाटते त्यांचे पाणी परके का वाटावे, हा प्रश्न त्यांना कोणी घातला नाही. तो त्यांच्याच मनात उगवला. देवाने माणसे निर्माण केली, पण जाती कोणी निर्माण केल्या, याचा विचार करता करता एके दिवशी त्यांच्या मनातली गाठ सुटली आणि त्या सर्वांच्या हातचे खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो या नंतर, १९०० साली, राहुरीला. आधी पंगत एक झाली, मग उपासना एक झाली. शब्दांच्या उपदेशाने जे साधले नसते ते रोजच्या सहवासाने साधले.

याच सुमारास महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला होता. आईबापांवाचून उघडी पडलेली अनेक मुले टिळकांनी घरी आणली. स्वतःच्या मुलाला एक आणि अनाथाला दुसरे असा भेद त्या घरात नव्हता. खाणारी तोंडे वाढली आणि मिळकत मात्र जेथल्या तेथे राहिली, तरी लक्ष्मीबाईंनी घर चालवले. पुढे अहमदनगरच्या याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक तरुण कवी मुलासारखा राहिला. मराठी वाचक त्याला बालकवी म्हणून ओळखतात. ब्राह्मण कुटुंबातील हा मुलगा ख्रिस्ती टिळकांच्या घरी राहिला, त्याला त्यांनी कवितेच्या वाटेवर हात धरून नेले; पण धर्माच्या वाटेवर ओढले नाही. बालकवी अखेरपर्यंत आपल्या धर्मातच राहिले. आपली श्रद्धा उघडपणे सांगणारा आणि तरीही दुसऱ्याच्या श्रद्धेला धक्का न लावता त्याच्यावर माया करणारा असा यजमान दुर्मीळच.

टिळक ज्या मंडळीचे सेवक झाले तिचा इतिहास लहान नव्हता. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१३ साली मुंबईत कार्याला आरंभ केला आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्यांचे महत्त्वाचे केंद्र बनले. शाळा, दवाखाने, छापखाना, १८४२ पासून निघणारे 'ज्ञानोदय' हे पत्र, असा मोठा व्याप उभा राहिला होता. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले होते त्यांना येथे अक्षर मिळाले, औषध मिळाले, माणूस म्हणून मान मिळाला. तरीही टिळकांच्या चिकित्सक दृष्टीला एक उणीव सलत होती. उपासनेत गायिली जाणारी बरीच गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि चालीही तिकडच्याच. शब्द मराठी असले तरी वाक्यांचे वळण परके. दिवसभर शेतात राबून आलेल्या, ओव्यांवर आणि अभंगांवर पोसलेल्या माणसांच्या ओठांवर ती गीते रुळत नव्हती. जी प्रार्थना जात्यावर बसल्यावर आपोआप ओठांवर येत नाही ती अंतःकरणात कशी उतरावी?

या बाबतीत टिळक पहिले नव्हते. त्यांच्या आधी अहमदनगरच्याच कृष्ण रत्नाजी सांगळे यांनी देशी रागांत ख्रिस्ती पदे रचून वाट घालून दिली होती. टिळकांनी त्या वाटेचा राजमार्ग केला. त्यांनी शेकडो भजने, अभंग आणि पदे रचली. ख्रिस्तचरित्रावर कीर्तने केली. टाळ-मृदंगाच्या साथीने प्रभूचे नाव घेणे हे अख्रिस्ती नाही, हे त्यांनी मंडळीला पटवून दिले. वारकरी ज्या ओढीने विठ्ठलाला माउली म्हणतो, त्याच ओढीने टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. या कबुलीत मोठे मर्म आहे. नव्या घरात येताना जुन्या घराची निंदा करण्याची गरज त्यांना भासली नाही. संतांनी मराठी मनाची जी मशागत करून ठेवली होती तिच्यातच आपले बीज रुजले, हे ऋण ते मोकळ्या मनाने मान्य करीत.

या गीतांचा परिणाम खोल झाला. लिहिता-वाचता न येणाऱ्या वृद्धांना ती पाठ झाली. बाजाराच्या वाटेवर, पाळण्याशी, आजाऱ्याच्या उशाशी ती गायिली जाऊ लागली. त्यामुळे उपासना रविवारच्या एका तासापुरती आणि मंदिराच्या चार भिंतींपुरती राहिली नाही. मुख्य म्हणजे, काल-परवापर्यंत केवळ ऐकणारी असलेली मंडळी आता गाणारी झाली. ज्या समाजाला शतकानुशतके मंदिराच्या दारात उभे राहण्याची मुभा नव्हती, तो समाज आता स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या आवाजात देवाशी बोलू लागला. मराठी ख्रिस्ती समाजाच्या उपासनेत टिळकांच्या रचनांचे स्थान आजही अग्रभागी आहे.

टिळकांचा मार्ग निष्कंटक मात्र नव्हता. जुन्या स्नेह्यांच्या दृष्टीने ते धर्म सोडून गेलेले होते, तर काही स्वधर्मीयांना त्यांच्या भजन-कीर्तनांत आणि राष्ट्रप्रेमात जुन्या संस्कारांचा वास येत होता. दोन्ही काठांवरून संशयाने पाहिले जाण्याचा अनुभव त्यांनी दीर्घकाळ घेतला. त्यात स्वभावही मुलखाचा उतावळा. रागावले की कठोर बोलत आणि राग ओसरला की लहान मुलासारखे पश्चात्ताप करीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अहमदनगरच्या धर्मविद्यालयात ते शिकवीत. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. या पत्रातून त्यांनी एक विचार सातत्याने मांडला. भारतीय मंडळीने परदेशी पैशावर आणि परदेशी आज्ञेवर किती काळ जगायचे? मिशनऱ्यांविषयी त्यांच्या मनात कृतज्ञता होती, कित्येकांशी गाढ मैत्रीही होती. पण पालक कितीही प्रेमळ असला तरी मुलाने स्वतःच्या पायांवर उभे राहिले पाहिजे, हे शिक्षक म्हणून त्यांना ठाऊक होते. देशावरील प्रेम आणि ख्रिस्तावरील प्रेम यांत त्यांनी कधी अंतर मानले नाही.

हा विचार त्यांनी दुसऱ्यांना सांगण्यापुरता ठेवला नाही. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि साताऱ्याला वास्तव्य केले. उतारवयात, प्रकृती ढासळत असताना, हातची सुरक्षित नोकरी सोडणे ही लहान गोष्ट नव्हती. साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' नावाने एका बंधुसंघाची स्थापना केली. त्याचे वैशिष्ट्य असे की, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताला गुरू मानणारे सर्वजण तेथे बरोबरीने बसू शकत होते. पूर्वी स्वयंपाकघरातील भिंत पडताना त्यांनी पाहिली होती. आता मंडळीभोवतीची भिंतही उघडी करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. ज्या संस्कारासाठी त्यांनी स्वतः घरदार पणाला लावले होते, तो संस्कार न घेतलेल्यालाही त्यांनी भाऊ म्हणून शेजारी जागा दिली. यावर मंडळीतून प्रश्न उठले आणि ते स्वाभाविक होते. दार इतके उघडे ठेवले तर घराचे घरपण कसे राहील, ही शंका गैर नव्हती. टिळकांना या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देण्याइतके आयुष्य मिळाले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे दरबारही फार काळ तग धरू शकला नाही.

परंतु त्यांचे काम थांबले नाही. ख्रिस्तचरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी आरंभिले होते. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले असता लेखणी खाली पडली होती. ती लक्ष्मीबाईंनी उचलली. लग्न झाले तेव्हा अक्षरओळख नसलेल्या, एके काळी पतीच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेल्या या स्त्रीने साठांहून अधिक अध्याय रचून ते काव्य पूर्णत्वास नेले. १९३४ ते १९३६ या काळात त्यांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध झाली आणि मराठी आत्मचरित्राला एक अक्षय लेणे लाभले. पतीचे दोष न लपवता आणि त्याच्यावरील प्रेम न झाकता त्यांनी सारे लिहिले. इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी टिळकांचे चरित्र लिहिले आणि भारतीय जीवनपद्धतीने राहणारा ख्रिस्त सेवा संघ १९२२ साली स्थापन केला. टिळकांच्या विचारांचे बीज असे वेगवेगळ्या जमिनींत पडत राहिले.

मराठी प्रदेशाबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्या, तेथे शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सर्वांना टिळकांचे चरित्र विशेष जवळचे वाटावे. सभोवतालची भाषा वेगळी, रीत वेगळी, आणि त्यातच आपले घर उभारायचे. अशा वेळी दोन मोह समोर येतात. एक, सभोवतालात विरघळून स्वतःचे सारे सोडून द्यावे. दुसरा, दारे लावून घेऊन आतल्या आत आपलेच कौतुक करीत बसावे. टिळकांनी दोन्ही टाळले. ते नव्या समाजात शिरले तेव्हा आपली भाषा, आपले अभंग आणि आपली कीर्तनपरंपरा बरोबर घेऊन गेले आणि ते धन त्यांनी जपून न ठेवता ज्यांना ते कधी मिळाले नव्हते त्यांच्या हाती दिले. म्हणून ते वाढले.

आजही अहिल्यानगरच्या, पुण्याच्या, मुंबईच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून रविवारी सकाळी टिळकांचे अभंग उमटतात. गाणाऱ्यांपैकी अनेकांना हे शब्द कोणाचे आहेत याची आठवणही नसेल. आजीच्या तोंडून ऐकले, आईने शिकवले, म्हणून ते गातात आणि शेजारी उभ्या असलेल्या लहानग्याच्या कानी ते आपसूक पडतात.